एक वीत, चार बोटं आणि एकावर एक फ्री

माझ्या बाबांच्या पायात आज बूट आहेत ते आक्कांमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकिकत सुरू झाली की ऐकणारे हसायला लागतात आणि त्या हसण्यात आक्कांचं राहून जातं. त्या नसत्या तर मी त्या दुकानाच्या पायपुसण्यावरूनच मागे फिरले असते.

आक्का माझ्या घरमालकीण. राजारामपुरीत, मुख्य रस्त्यापासून आतल्या गल्लीत, खाली त्यांची खानावळ आणि वर पत्र्याच्या खोलीत मी. पन्नाशी ओलांडलेली, आडव्या अंगाची बाई. सगळी गल्ली त्यांना आक्काच म्हणते. आवाज असा की त्या आत कुणाला "मीठ आण गं" म्हणाल्या तरी समोरच्या दवाखान्यात सलाईन लावलेला माणूस उठून बसावा.

मी चंद्रपूरच्याही पुढची. आठवीनंतर शाळा सुटली. त्यामागे फार मोठी करुण कहाणी नाही. नववीचा वर्ग नदीपलीकडच्या गावात होता आणि मला नावेची भीती वाटायची. मग शिवण शिकले, ओळखीच्या ओळखीतून कोल्हापुरात साड्यांना फॉल-पिको करायचं काम मिळालं, आणि एक नदी न ओलांडणारी मी कितीतरी नद्या ओलांडून इकडे आले. रेल्वेच्या पुलांवर डोळे मिटून घेतले होते. भीती मात्र सामानाबरोबर आली. मला लिफ्टची भीती वाटते, कुत्र्याची वाटते, कुत्र्याच्या मालकाचीही वाटते. एटीएम पैसे मोजताना जो आवाज करतं ना, तो ऐकला की वाटतं आता हे नाही म्हणणार आणि मागच्या रांगेला सगळं कळणार.

सुरुवातीला तर इथल्या बोलण्याचीच भीती. खोली बघायला आले त्या दिवशी मी दार वाजवलं. आतून बाईचा आवाज आला, "आलो, आलो! हात पिठाचं हायत, थांबा!" दार उघडलं तर आक्का उभ्या. मी त्यांच्या खांद्यावरून आत बघत राहिले.

"कुणाला बघतीस?"

"ते... आलो म्हणाले त्यांना."

"मीच की!"

इथल्या बायका स्वतःबद्दलही आलो, गेलो, जेवलो असंच म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे आठवडाभर मी आक्कांचे न दिसणारे यजमान शोधत होते. ते फोटोत होते, हार घातलेले.

दुसरी पंचाईत 'पावणं' या शब्दाची. आमच्याकडे पाहुणे म्हणजे खरेखुरे पाहुणे. त्यातून घरात लग्नाची मुलगी असली आणि 'पाहुणे येणार' असं कुणी म्हटलं, की तिनं काय ते समजायचं, केस विंचरायचे आणि ट्रे शोधायचा. इथे आक्का कुठल्याही अनोळखी पुरुषाला पावणं म्हणत. गॅसची टाकी आणणारा पावणं, रिक्षावाला पावणं. मीटर बघायला आलेल्या माणसाला त्या "या पावणं" म्हणाल्या, तेव्हा मी धडधडत वर गेले, चांगला ड्रेस घातला आणि खाली येऊन मान खाली घालून त्याला चहा दिला. तो बिचारा इतका गांगरला की चहा पिऊन, आकडा न घेताच निघून गेला.

आता बुटांचं. बाबांच्या टाचा दुखायला लागल्या होत्या. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की भिंत धरावी लागे. डॉक्टरांनी सांगितलं, मऊ तळव्याचे बूट घाला आणि रोज चाला. बाबांनी जन्मात बूट घातले नव्हते. बूट साहेब लोकांनी घालायचे, अशी त्यांची समजूत. मी ठरवलं, यंदाच्या दिवाळीला बूट मी घेणार. आणि मीच घेऊन जाणार. कारण मागची दिवाळी माझी मशीनवरच गेली होती. दिवाळीत साड्या खपतात, साड्या खपल्या की फॉल-पिको आलं, आणि कामावर नवीन असलेलीला रजा मागायची हिंमत कुठली!

यंदा रजा मिळाली, पण हिशोब जमेना. माझ्याजवळ साठलेल्या पैशांत एक तर चांगले बूट येत होते, नाहीतर जाण्यायेण्याचं भाडं निघत होतं. माय फोनवर म्हणाली, "बूट पार्सलनं पाठव नं." मागून बाबांचा आवाज आला, "बूट नको, पोरीले पाठव!" जणू मलाही पार्सलनंच यायचं होतं. मला दोन्ही हवं होतं. बूट नुसते गेले तर बाबा ते पेटीत ठेवणार, आणि मी नुसती गेले तर त्यांना भिंत धरताना बघत बसणार.

दसरा झाला आणि जवळच्याच एका मोठ्या बुटांच्या दुकानावर फलक लागला. दिवाळी धमाका, एकावर एक फ्री! मी रोज कामावर जाताना तो वाचायची आणि रोज घाबरायची. कारण 'फ्री'च्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती आणि अगदी खाली, गटाराच्या उंचीवर, तशीच दुसरी चांदणी काढून पुढे लिहिलं होतं, अटी लागू. काय अटी, ते कुठेच नव्हतं. मला वाटे, आपण पैसे भरणार आणि मग ते चांदणी काढून दाखवणार.

आक्कांना मी हे सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "चांदणीला काय भ्यायचं? जोडी जमवायची."

जोडी जमवणं ही आक्कांची जुनी पद्धत. एकावर एक असलं की त्या कधी एकट्या जात नाहीत. तीच वस्तू हवी असलेली दुसरी बाई शोधायची, बिल एक करायचं, वस्तू एकेक घ्यायची आणि पैसे निम्मे-निम्मे. चादरी, पातेली, गल्लीतल्या निम्म्या बायकांचे स्वेटर, सगळं असंच आलेलं. गल्लीत त्यामुळे एकसारखे स्वेटर इतके, की थंडीत सगळ्या एकाच शाळेतल्या वाटतात.

पण पुरुषांच्या बुटांना गल्लीत जोडी मिळेना. समोरच्या वैनी म्हणाल्या, "आमचं मालक देवळातनं येताना दुसऱ्याचे चांगले बूट घालून येत्यात, मला भ्या वाटतंय." दुसऱ्या एकीच्या नवऱ्याला बूट घातले की शिंका येतात म्हणे. सेलचा शेवटून दुसरा दिवस उजाडला. आक्कांनी खानावळीच्या दारावर पाटी उलटी केली आणि म्हणाल्या, "चल. तिथंच कोण तरी गावंल."

निघायच्या आधी नंबर हवा म्हणून मी घरी फोन लावला.

"माय, बाबांच्या पायाचा नंबर किती?"

"बूट कधी घातले का त्यांनी? नंबर कुठून येईल?"

"चपलेच्या मागं असतो."

"झिजला वं तो. चप्पलच झिजली, नंबर राहीन का?"

फोटो मागवला. फोटोत पाय माझ्या फोनएवढाच दिसत होता. फोन आडवा केला तर पायही आडवा झाला. शेवटी माय म्हणाली, "थांब," आणि पलीकडून बाबांचं हसणं आणि "अवं, गुदगुल्या!" असं ऐकू आलं. मग माय आली. "लिहून घे. माझी एक वीत अन् वर चार बोटं."

मायची वीत आणि माझी वीत सारखीच आहे. लहानपणी आम्ही हाताला हात लावून बघायचो, आणि ज्या वर्षी हात सारखे झाले त्या वर्षी मायनं मला तिच्या बांगड्या दिल्या होत्या. त्यामुळे माप माझ्या हातातच होतं. शिवाय मी टेप घेऊनच जगणारी. वीत आणि चार बोटं टेपवर ठेवली, सव्वादहा इंच भरले. मी खूश. आक्कांनी आपली डब्याची जुनी कापडी पिशवी काखेत मारली आणि आम्ही निघालो.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. छताला टांगलेल्या कर्ण्यातून गाणी आणि त्यात मधूनच 'उद्या शेवटचा दिवस' असं ओरडणं. विकणाऱ्या मुलाच्या दोन्ही काखांत खोकी होती.

"नंबर?" तो म्हणाला.

"सव्वादहा," मी म्हणाले.

"सव्वा नसतो. दहा देऊ?"

मला वाटलं, पाव इंचानं काय होतंय. मी हो म्हणाले. त्यानं जे बूट आणले ते बघून आक्का दोन पावलं मागे सरल्या. त्यात बाबांचे दोन्ही पाय एका वेळी मावले असते आणि वर पोरांना बसवून पंचगंगा ओलांडता आली असती. पुन्हा नावच!

"आवं, हे इंच हायत," आक्का म्हणाल्या. "इंचाचा नंबर काढा."

"मावशी, मी इंच बघत न्हाय. नंबर सांगा, न्हायतर पाय आणा." आणि तो गर्दीत बुडाला.

पाय आणा! माझे तर डोळेच भरून आले. पाय तिकडे, चंद्रपूरच्या पुढे. पण आक्का कंबरेवर हात ठेवून दुकानभर नजर फिरवायला लागल्या. म्हणाल्या, "पायाला काय तोटा? हितं सगळं पायच हायत की. तुझ्या बाबाएवढा पाय हुडकू. त्याला बसला की बाबाला बसला. आणि त्येच्यासंगंच जोडी जमवू."

मला हे पटलं, यातच माझी मनःस्थिती कळावी.

आक्का पहिल्या बाकाशी गेल्या आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पावणं, जरा पाय दाखवा!" कर्ण्याचं गाणंसुद्धा क्षणभर दबल्यासारखं वाटलं. त्या स्वतःच मोजायला वाकल्या, पण आक्कांची वीत म्हणजे ताटावरचं झाकण. त्यांच्या हातानं कुणाचाच पाय भरेना. टेप घरीच राहिलेली, मग मोजायचं काम माझ्याकडे आलं.

आता चित्र असं. आक्का पुढे, "पावणं, पाय!" करत. मी मागे, प्रत्येक माणसापुढे गुडघे टेकून, त्याच्या टाचेला अंगठा लावून वीत पसरते, चार बोटं ठेवते, मान हलवते, उठते, पुढच्याकडे जाते. तिसऱ्या बाकावर टोपी घातलेले एक आजोबा होते. त्यांनी बघितलं, एक मुलगी खाली वाकली आणि तिनं पायाला हात लावला. त्यांनी लगेच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"असू दे, असू दे. औक्षवंत हो. कुनाची गं तू?" आणि खिशातून दहाची नोट काढून माझ्या हातात कोंबली.

मी नोट परत द्यायला लागले तर ते रागावले. त्यांचा पाय फारच लहान होता, पण ते सांगायची सोय राहिली नाही. शेजारच्या बाकावरच्या दोघांनी हे बघितलं आणि माझी पाळी यायच्या आत आपापले पाय बाकाखाली ओढून घेतले. दहा-दहा रुपये वाचवले असणार त्यांनी. सेलच होता शेवटी.

मग आरशाशेजारच्या बाकावर तो पाय सापडला. पायाचा मालक असेल तिशीच्या आत-बाहेरचा, कबनूर गावाकडचा. हे त्याच्या आईनं नंतर सांगितलं. ती शेजारीच बसली होती, मोठं कुंकू, मांडीवर पर्स, आणि दुकानातल्या प्रत्येक बाईकडे वरपासून खालपर्यंत बघायची सवय. मी वाकले, वीत पसरली, त्यावर चार बोटं ठेवली. बरोबर! ना केसभर कमी, ना जास्त. बाबांचाच पाय कबनूरला आल्यासारखा. मी आनंदानं तो धरूनच ठेवला.

"आक्का! हाच!"

"हाच?" आक्का म्हणाल्या. "बघ हां, नीट बघ. मागनं बदलून मिळणार न्हाय."

"हाच, आक्का. दुसरा नको."

हे मी म्हणाले. मीच. आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

त्या आईनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या मुलाच्या पायाशी बसलेली, दोन्ही हातांनी त्याचा पाय धरलेला. ती सावरून बसली आणि तिनं पदर नीट केला. आक्कांनी सरळ बोलणीच सुरू केली.

"पावणं, तुमची जोडी कुठं जमली न्हाय न्हवं अजून?"

"न्हाय की," आईच बोलली. "बघतोय. दोन वरीस झालं बघतोय."

"दोन वरीस?" आक्कांना नवल वाटलं. एवढ्या दिवसांत बूट मिळेना म्हणजे काय! "मग आमच्या पोरीसंगं जमवूया की. तिला बी जोडी मिळंना. सगळी गल्ली पालथी घातलो."

"पोरगी कुठली?"

"लांबची हाय, चंद्रपूरकडची. पण सोताच्या कमाईवर करतीया सगळं. कुणापुढं हात पसरायची न्हाय."

त्याच वेळी माझा हात पुढ्यातल्या पायावर पसरलेला होता.

"शिक्षण?"

बुटाला शिक्षण कशाला लागतं, असं आक्कांच्या तोंडावर दिसलं, पण त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. "आठवी."

"असू दे. आमचा बी दहावीला अडकला. यंत्रमागावर असतोय, पण कामाला वाघ हाय." मग आवाज जरा उतरवून ती आई म्हणाली, "रंगानं तेवढा काळा हाय, बघा. आधीच सांगितलेलं बरं."

"काळाच पायजे की!" आक्का खूश झाल्या. "पांढरा काय कामाचा? दोन दिसांत मळतोय."

मला सगळं कळत होतं. कळत होतं आणि जीभ टाळ्याला चिकटली होती. घाबरले की माझं हे असंच होतं. मी वर बघितलं. त्या मुलालाही सगळं कळलं होतं. त्याचे कान लाल, नजर समोरच्या सँडलवर खिळलेली. मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आलेला, तोही लाजल्यासारखा आत जायला बघत होता.

"खर्चाचं कसं?" आईनं विचारलं.

"निम्मा-निम्मा. मी कुणाचं जास्त घेत न्हाय, कुणाला जास्त देत न्हाय."

"लाखातलं बोललासा!" आईनं चक्क आक्कांचा हात धरला. "आमाला बी देणं-घेणं कायबी नगो. मग घरी कवा येऊ बोलायला?"

"घरी कशाला? हितंच उरकू की. पाच मिनटाचं काम."

"हितं?" आईचा आवाज चिरकला. "दुकानात?"

"मग? आजच उरका. उद्या संपतोय!"

आई तोंडाला पदर लावून उभी राहिली. आणि तेवढ्यात तो मुलगा, जो इतका वेळ दात-ओठ आवळून बसला होता, एकदम ओरडला, "ताई, पाय सोडा! लई गुदगुल्या होत्यात!"

आईनं त्याच्या खांद्यावर चापट मारली. "मुडद्या, ताई काय म्हणतोस तिला!"

"मग काय म्हणू? त्या बुटाचं बोलाय लागल्यात, आई! बुटाचं!"

सगळं दुकान आमच्याकडे बघत होतं. टोपीवाले आजोबा जागेवरूनच म्हणाले, "काय झालं? मोडलं काय?"

आक्कांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्या अशा हसायला लागल्या की बुटांचं शेल्फ थरथरलं. आणि हेच चुकलं. त्या आईचा चेहरा पडला. दोन वर्षं मुलगी शोधणारी बाई ती, घटकाभर तिचं काम झाल्यासारखं वाटलं होतं, आणि आता सगळे हसत होते. तिनं पर्स उचलली. "ऊठ रं. न्हाय घ्यायचं बूट. हितं तर मुळीच न्हाय."

ते दाराकडे निघाले. तो पाय निघाला. त्या पायाबरोबर माझं नागपूरपर्यंतचं तिकीट, पुढच्या दोन एसट्या, बाबांची टाच, सगळं निघालं. आक्का हसता हसता खोकत होत्या, त्यांच्यानं बोलवेना. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"मावशी, थांबा!" मी ओरडले. "मी बोलतो!"

बोलतो! माझ्या तोंडून बोलतो आलं. ते ऐकून मीच दचकले, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. दाराशी गाठून त्यांना मी एका दमात सांगितलं: बाबांची टाच, भिंत, झिजलेला नंबर, मायची वीत, पार्सल. बूट घेतले तर तिकीट नाही, तिकीट काढलं तर बूट नाहीत, आणि अख्ख्या दुकानात बाबांएवढा पाय यांचाच. "तुमची थट्टा नाही केली, मावशी. आक्कांच्या तोंडात शब्दच तसा बसलाय. खानावळ चालवतात त्या, गल्लीत पातेल्याचीही जोडीच जमवतात."

ती बाई उंबऱ्यावर थांबली. मग म्हणाली, "तुझ्या आईनं खरंच वितीनं मोजून पाठवलं?"

मी हात पुढे केला. वीत, चार बोटं. तिनं माझ्या तळहाताकडे जरा वेळ बघितलं. मग मुलाला म्हणाली, "बस रं. घाल त्यो बूट." आणि आक्कांकडे वळून, "पर एक सांगतो. एवढा दंगा केलासा, तर आता माझ्या पोराची खरी जोडी बी तुमीच जमवायची. खानावळीत शंभर माणसं येत्यात तुमच्या."

"जमवतो की!" आक्का डोळे पुसत म्हणाल्या. "ह्यातबी एकावर एक बघू का?"

या वेळी ती आईही हसली.

त्याला आठ नंबर बसला. एकसारखे दोन जोड, काळे. तो आरशापुढे चालून आला, उडी मारून बघितली, टाच दाबून बघितली. मी त्याला सांगितलं, "जरा म्हाताऱ्यासारखं चाला ना." तो बिचारा पाय ओढत, कमरेवर हात ठेवून दुकानभर फिरला. नंतर गल्ल्यावर आम्ही रांगेत उभे राहिलो. आता चांदणी येणार होती. बिल झालं, पैसे निम्मे-निम्मे झाले, आणि मी हळूच विचारलं, "आणि ती अट?"

"पिशवीचे वेगळे पैसे," गल्ल्यावरचा म्हणाला.

एवढंच! एवढ्यासाठी मी पंधरवडाभर झोपेत दचकत होते. आक्कांनी विजयी मुद्रेनं काखेतली डब्याची पिशवी काढली आणि बूट तिच्यात टाकले.

त्या पिशवीतून वर्षानुवर्षं कांदा-लसणीची चटणी गेलेली. गाडीत माझ्या समोरच्या बर्थवरचं कुटुंब रात्रभर 'कुणीतरी डबा उघडलाय' म्हणून भुकेलं होतं. घरी पोचले, दारातून हाक मारली, "माय, आलो!" माय बाहेर आली आणि अंगणभर बघायला लागली.

"कोण आला वं तुझ्यासंगं?"

"कोणी नाही. मीच आली."

"आलो म्हणून राहिली! पोट्टी धाडली होती, पोट्टा होऊन आली का बाप्पा?"

बाबांनी बूट हातात घेतले, उलटे केले, वास घेतला. "कोल्हापूरचे बूट असेच ऱ्हाते का? भाकर आण वं." मग घातले. बरोबर बसले. मायनं खाली वाकून पुढून अंगठ्याची जागा दाबून बघितली आणि माझ्याकडे बघून आपली वीत एकदा उघडली आणि मिटली.

मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. बाबा हसून हसून आडवे झाले. माय मात्र गंभीरपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ते सगळं ठीक. पण पोट्टा कसा होता?"

बाबा बूट मळतील म्हणून ते अंगणात घालेनात. घरात, खाटेवर बसल्या बसल्या घालायचे आणि पाय हलवत टीव्ही बघायचे. मी ओरडले, डॉक्टरांचं नाव घेतलं, रुसून बघितलं. काही उपयोग नाही. पण मी परत निघाले त्या सकाळी ते बूट घालून दारात उभे होते. एसटीच्या थांब्यापर्यंत माझी बॅग घेऊन चालत आले. वाटेत कुठेही भिंत नव्हती, आणि ती त्यांना लागलीही नाही.

इकडे आले तर आक्कांनी दारातच विचारलं, "बसलं का बूट?" मी बसले म्हणाले. त्या "झ्याक!" म्हणून पुन्हा चुलीकडे वळल्या, जणू काही झालंच नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या चपला अजून त्याच आहेत, अंगठ्याशी दोऱ्यानं शिवलेल्या. दिवसभर उभं राहून त्यांच्याही टाचा दुखतात. भाकरी थापताना त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देतात, ते मला वरून जिन्यातून दिसतं. बूट घ्या म्हटलं तर म्हणतात, "मी कुठं पळाय जातो?"

परवा त्या मोरीतून पाय धुऊन बाहेर आल्या आणि फरशीवर ओला ठसा उमटला. त्या आत गेल्यावर मी बसून तो वाळायच्या आत मोजला. एक वीत आणि चार बोटं. बाबांएवढाच! म्हणजे आठ नंबर, आता कुणाच्या पाया पडायचीही गरज नाही. आक्का, एक दिवस मी तुमच्यासाठी बूट आणणार आहे. सेल नसताना, पुरत्या किमतीला, एकच जोड. त्यावर काही फ्री नको आणि निम्मे पैसे द्यायला कुणी जोडीदार नको. तुम्ही गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं "पैसं वर आल्यात काय तुला?" म्हणून ओरडाल. ओरडा. मी त्या वेळी घाबरणार नाही.